शोभेच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची पाने पिवळी पडत आहेत. कीड कोणती हे कसे ओळखावे?

पाने आधी निस्तेज, पिवळसर आणि पुढे तांबूस होत असतील, तर प्रथम कोळी (इंग्रजीत माइट; घरात जाळे विणणारा कोळी नव्हे) या किडीचा संशय घ्यावा. फांदीखाली पांढरा कागद धरून ती जोराने झटकावी. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके थोड्या वेळाने चालू लागले आणि पानांच्या बुडाशी बारीक जाळी दिसली, तर निदान जवळजवळ पक्के समजावे. (काटेकोर बोलायचे तर आठ पायांचा कोळी हा कीटक नव्हेच, आणि अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालतही नाहीत.) स्प्रूसवरील हा कोळी मुख्यतः वसंत व शरद ऋतूंतील थंड हवेत वाढतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात तो सापडला नाही म्हणून झाड निर्धोक मानू नये.

कोवळ्या फुटीवर लहान अननसासारखी गाठ दिसल्यास ती ॲडेल्जिड या माव्याच्या जवळच्या किडीची असते. गाठ हिरवी असतानाच कापून नष्ट करावी; वाळून तपकिरी झालेल्या, उघडलेल्या गाठीतून कीड निघून गेलेली असते, तेव्हा तिच्यावर फवारणी व्यर्थ आहे.

केवळ सर्वांत वरचा शेंडा आकड्यासारखा वाकून सुकला असेल, तर आत बहुधा सोंड्या भुंग्याच्या अळ्या असतात. असा शेंडा निरोगी लाकडापर्यंत छाटावा.