मानेच्या मणक्याचा टीबी, हातातली ताकद गेली, ऑपरेशन टाळता येईल का?

ताई, मिस्टरांना मानेच्या मणक्यात टीबी निघाला, हातातून ग्लास सुटतो, चालताना तोल जातो, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात आणि घरचे म्हणतात गोळ्यांनीच होईल, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या भावाला हेच झालं होतं, ट्रीटमेंट इथेच नागपुरात झाली.

गोळ्यांनी मणक्याचा टीबी बरा होतो हे खरंय, कित्येकांना ऑपरेशन लागतच नाही. पण आत पू साचून किंवा मणका खचून नस दबत असेल आणि कमजोरी वाढून राहिली असेल तर थांबू नका, कारण गोळ्यांचा असर दिसायला वेळ लागतो आणि तोवर दबलेली नस कायमची जाऊ शकते. भावाला सर रोज राउंडला शर्टाची गुंडी लावायला सांगायचे. आधी हळूहळू का होईना लावायचा, मग बोटं नुसती गुंडीवरून घसरायला लागली, त्याच दिवशी ऑपरेशनचं ठरलं. गळ्याच्या समोरून चीर देऊन पू काढला, कंबरेच्या हाडाचा तुकडा बसवून प्लेट लावली. तो पू सीबीनॅट (टीबीची मशीनवरची तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवणार का हे नक्की विचारा, टीबी रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, आहे का ते त्यातूनच कळतं.

ऑपरेशन झालं तरी गोळ्या चुकत नाहीत बरं का. साधारण 2 महिने चार औषधं, मग 10 महिने तीन, काहींना 18 महिन्यांपर्यंत. लघवी लाल-केशरी होते, घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या किंवा नजर धूसर झाली तर लगेच दाखवा. मुंग्या औषधानेही येतात, त्यासाठी बी6 ची गोळी असते, पण आजाराच्या की औषधाच्या हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

लघवी अडली, श्वास किंवा गिळायला त्रास झाला तर रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत न्या. मानेचा पट्टा (कॉलर) स्वतःच्या मनाने काढायची नाही, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी मानेला मालिश करू देऊ नका, मान मोडू तर अजिबात नका.

औषधं सरकारी योजनेत फुकट आहेत, प्रायव्हेटमध्ये दाखवत असाल तरी निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करायला लावा, नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. सेकंड ओपिनियन हवं तर नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं आहेत, मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, पण याच आठवड्यात घ्या, आणि जाताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीपण न्या, सर्जन स्वतः फोटो बघूनच ठरवतात.