४८ हजारांचा हेडबोर्ड, की आठ हजारांचा?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत टू बीएचके घेतला. एप्रिलमध्ये ताबा मिळाला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०२,००० रुपये. गृहकर्ज ४५ लाखांचं, हप्ता ३९,०५२. घरखर्च मेंटेनन्स धरून ४४,०००, एसआयपी ८,०००. अडीअडचणीसाठी १,६०,००० ची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. मास्टर बेडरूमचं कोटेशन १,९३,१०० आलं आहे : हायड्रॉलिक बेड ६२,०००, कुशनचा हेडबोर्ड (पलंगाची डोक्याकडची पाठ) आणि मागची पॅनलची भिंत ४८,०००, ४२ स्क्वेअर फुटांचा वॉर्डरोब १,४५० च्या भावाने ६०,९००, फॉल्स सीलिंग आणि लाइट २२,२००. बँक २ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, व्याज कशाला भरायचं, एफडी मोडू. आमचा जुना ५ बाय साडेसहाचा पलंग भक्कम आहे, पण दिसायला अगदी साधा. हेडबोर्ड घरी केला तर जमेल का? ५,००० टोकन देऊन बसलो आहोत.

उत्तर : ताई, लोन घेऊ नका आणि एफडीही मोडू नका. हेडबोर्ड घरी करा, नक्की जमेल. वॉर्डरोब करून घ्या, पण फेब्रुवारीत. बाकीचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलं आहे. १८ टक्क्यांनी तो ३४,७५८ होतो, म्हणजे खरी रक्कम २,२७,८५८. बँकेचे २ लाख आत्ताच अपुरे पडतात. त्यातून २ टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ४,७२० कापूनच पैसे खात्यात येतील. वरचे ३२,५०० कुठून आणणार? एफडीतूनच. म्हणजे लोन घेऊनही एफडी मोडावी लागणारच आहे. लोनचा हप्ता ६,८३६ रुपये, ३ वर्षांचं व्याज साधारण ४६,१००. सगळं धरून ही बेडरूम पावणेतीन लाखांच्या वर जाते. ‘जीएसटी नको असेल तर बिल करत नाही’ असं कोणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. सहा महिन्यांनी लॅमिनेट सुटलं, तर हातात दाखवायला कागद नसतो.

आता तुमच्या महिन्याकडे बघू. हप्ता, घरखर्च आणि एसआयपी वजा जाता १०,९४८ उरतात. त्यातून लोनचा हप्ता गेला की ४,११२. शाळेची फी, गावी जाणं, एखादं आजारपण, सगळं त्यात बसवायचं. मिस्टरांचा हिशेब व्याजापुरता बरोबर आहे, पण एफडीचं काम वेगळं आहे. पगार थांबला तरी गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८३,००० लागतातच. १,६०,००० म्हणजे जेमतेम दोन महिने. दोघांच्या पगारावर हप्ता चालत असताना ही गंगाजळी किमान तीन महिन्यांची, म्हणजे अडीच लाखांची हवी. ती आधीच तोकडी आहे. ती बेडच्या पाठीत घालून कसं चालेल?

पॅनलच्या भिंतीला माझा विरोध पैशांपलीकडचा आहे. पलंगाची भिंत बाहेरच्या बाजूची आहे आणि इमारतीने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही. घोडबंदरला जुलैचा पाऊस वाऱ्यासकट भिंतीवर आडवा मारतो. ओल कुठे येते ते पहिल्या-दुसऱ्या पावसातच कळतं. त्यावर प्लाय, फोम आणि कापड ठोकलं, तर ओल दिसणार नाही, आधी कुबट वास येईल आणि मग बुरशी. रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हा हक्क लाख मोलाचा आहे. पण भिंतीला पंचवीस भोकं पाडलेली असली की ‘हे तुमच्याच ड्रिलिंगमुळे’ म्हणायला बिल्डरला जागा मिळते. भिंत उघडी ठेवा. ओल दिसली तर तारखेसकट फोटो काढून लेखी कळवा.

म्हणून हेडबोर्डही भिंतीला टांगायचा नाही. तो दोन पायांवर पलंगालाच बोल्टने बसवायचा. भोक नाही, धूळ नाही, सोसायटीकडे इंटिरियरचं डिपॉझिट भरणं नाही, आणि उद्या घर बदललं तर दहा मिनिटांत सुटतो.

माप असं. पलंग ६० इंच रुंद, म्हणून पाटा (हेडबोर्डची मुख्य फळी) ६२ बाय २६ इंच. गादीचा माथा जमिनीपासून २२ इंचांवर येत असेल, तर पाट्याची खालची कड बरोबर तिथेच ठेवा, वरची ४८ इंचांवर येईल. (तुमची उंची स्वतः मोजा, गादीप्रमाणे ती बदलते.) पुष्कळजण पाटा गादीच्या खाली दोन-चार इंच उतरवतात. तसं केलं की फोमची जाडी गादीला पायाकडे ढकलते आणि गादी जवळजवळ दोन इंच बाहेर लोंबते. कड गादीला टेकली की पुरे, उशी मागे पडत नाही.

१२ एमएम प्लायची ८ बाय ४ फुटांची एकच शीट घ्या. सगळं तिच्यातून निघतं. २६ इंचांचा पाटा कापल्यावर उरलेल्या २२ इंचांच्या पट्ट्यातून ४ बाय ४४ इंचांचे चार तुकडे काढा. दोन-दोन तुकडे फेविकॉल लावून चिकटवले की २४ एमएम जाडीचे दोन पाय तयार. रात्रभर क्लॅम्पमध्ये, नाहीतर जड वजनाखाली ठेवा. ३४ बाय ४८ चा तुकडा उरतो, त्यातून पलंगाशेजारची दोन छोटी टेबलं होतील. कटिंग दुकानातच किंवा जवळच्या सुताराकडे मशीनवर करून घ्या. अख्खी शीट लिफ्टमध्ये जात नाही. साधा कमर्शियल प्लाय न घेता बॉइलिंग वॉटर ग्रेडचा घ्या, हवेतल्या दमटपणाने तो फुगत नाही. कापलेल्या कडांना पॉलिश पेपर मारून वुड प्रायमरचे दोन हात द्या. प्लाय ओल कडेतूनच पितो.

फोम २ इंची, ३२ डेन्सिटीचा. इथे फसवणूक फार होते : ३२ सांगून २४ चा हातात देतात. ७२ बाय ३६ इंचांची २ इंची शीट खऱ्या ३२ डेन्सिटीत साधारण २ किलो ७०० ग्रॅम भरते, २४ ची दोन किलोच्या आसपास. दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगा, लाजू नका. हलका फोम वर्षभरात पाठीच्या जागी बसतो आणि कापड सैल पडून सुरकुत्या येतात.

कापडाचा पन्हा ५४ इंच, पाट्याची लांबी ६२. मग जोड द्यायचा का? नाही. कापड आडवं लावायचं. पाट्याची लांबी, दोन्हीकडची जाडी आणि मागे वळवायला ३-३ इंच मिळून ७३ इंच लागतात, २ मीटरमध्ये आरामात बसतं. मात्र पट्ट्यांचं डिझाइन घेऊ नका, ते आडवं पडेल. वेलवेटची लवही आडवी जाते आणि अर्ध्या भागावर सावली पडल्यासारखी दिसते. जाड विणीचं साधं, मध्यम गडद रंगाचं कापड उत्तम. रेक्झिन नको, आपल्या हवेत स्वस्त रेक्झिनचे दोन-तीन वर्षांत पोपडे निघतात. आणि डोक्याला तेल लावायची सवय घरोघरी असतेच. त्याच कापडाचा अर्धा मीटर जास्त घेऊन वरून घालायची खोळ शिवून घ्या, उशीच्या अभ्र्यासारखी काढून धुता येते.

फोम लावण्याआधी पाट्याच्या पुढच्या बाजूने ६ एमएमचे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) ठोका, प्रत्येक पायाला चार. पाय मागून ३५ एमएमच्या बोल्टने या नटांत आवळायचे. हे काम नुसत्या स्क्रूवर भागवलं, तर १२ एमएम प्लायमध्ये स्क्रूला पकड मिळत नाही आणि दोन महिन्यांत पाटा डुगडुगतो. बोल्ट ५० चा घेतला तर टोक फोममध्ये घुसून पाठीला टोचतं. एकदा सगळं नुसतंच जोडून पाहा, मग सुटं करून रबर सोल्यूशनने फोम चिकटवा. प्लाय आणि फोम दोन्हीला पातळ हात, दहा मिनिटं वाळू द्या, मग दाबा. खिडक्या उघड्या, गॅस-देवाचा दिवा बंद. सोल्यूशनची वाफ पेट घेते. फोमवर पॉलीफिलचा (पॉलिस्टरच्या कापसाचा) पातळ थर घातला की कडा गोल दिसतात.

कापड ताणणं हेच खरं कसब. स्टेपल गनमध्ये १० एमएमची पिन घाला, १४ ची प्लायमधून आरपार निघते. कापड उलटं पसरून त्यावर पाटा पालथा ठेवा. वरच्या कडेच्या मध्यावर एक पिन, मग खालच्या मध्यावर ताणून एक, मग डावी, उजवी. तिथून कोपऱ्यांकडे दीड-दीड इंचावर सरकत जा, समोरासमोरच्या कडा आलटून पालटून. कोपरे अगदी शेवटी, पाकिटासारखी घडी घालून. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की सगळी ओढ दुसऱ्या टोकाला जमा होते आणि तिरकी सुरकुती पडते. ती नंतर निघत नाही, सगळ्या पिना उपटाव्या लागतात. मागे काळं नॉन-वोव्हन कापड लावून पाय बसवा.

पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला प्रत्येक पायासाठी वर-खाली ६ इंचांच्या अंतराने ८ एमएमचे दोन बोल्ट, वॉशरसकट. पायाचं टोक जमिनीपासून १ इंच वर राहू द्या, नाहीतर रोज फरशी पुसताना पाणी पिऊन प्लाय फुलेल. पलंग भिंतीपासून २ इंच पुढे. मागून हवा खेळली पाहिजे.

खर्च ढोबळ धरते : प्लाय २,६००, कटिंग ३००, फोम १,३००, पॉलीफिल २००, खोळीसकट कापड १,०००, मागचं कापड १५०, स्टेपल गन आणि पिना ९००, सोल्यूशन ३५०, नट-बोल्ट ४००, प्रायमर वगैरे २००, टेम्पो ४००. झाले ७,८००. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे हजारभर इकडे-तिकडे. ताणकाम जमेल असं वाटत नसेल, तर कापलेला प्लाय आणि सामान गल्लीतल्या कुशनवाल्याकडे न्या. मजुरी दीड-दोन हजार घेईल, गनचे ९०० वाचतील. दहा हजारांच्या आतच राहाल.

पावसाळा संपून भिंत कोरडी राहिली, की दसऱ्याच्या सुमारास तेवढीच एक भिंत वेगळ्या रंगात रंगवा. १० बाय ९ च्या भिंतीला दोन हातांसाठी २ लिटर इमल्शन पुरतं. भिंतीवरचे दोन दिवे आणि पडदे धरून आणखी पाचेक हजार. फॉल्स सीलिंग सोडा. उंचीतले सहा इंच देऊन त्यात काही हाती लागत नाही. हायड्रॉलिक बेडची गरजही वॉर्डरोब झाल्यावर उरत नाही, गाद्या-रजया त्याच्या वरच्या कप्प्यात जातील.

वॉर्डरोबवर मात्र पैसे घाला. तो घरी होण्यासारखा नाही आणि वीस वर्षं रोज वापरायचा आहे. जीएसटीसकट तो ७१,८६२ ला पडतो. या महिन्याच्या शिलकीतून हेडबोर्ड, आणि जुलैपासून १०,००० ची सात महिन्यांची आरडी (रिकरिंग डिपॉझिट). जानेवारीअखेर ७० हजार आणि थोडं व्याज हातात. तोवर जुनं लोखंडी कपाट चालवा. वॉर्डरोब झाला की तीच १०,००० ची शिस्त एफडीसाठी चालू ठेवा, नऊ महिन्यांत अडीच लाखांचा टप्पा येतो. मधल्या काळात कोणी कार्डावरच्या ‘नो-कॉस्ट ईएमआय’चं आमिष दाखवलं, तर रोखीची किंमत वेगळी विचारा. बहुतेक वेळा व्याज किमतीत किंवा बुडालेल्या सवलतीत दडलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो.

टोकनचं काय? ५,००० परत मागू नका, वॉर्डरोबच्या रकमेत वळते करून घ्या. कंत्राटदारालाही कामाचा एक भाग मिळतो, सहसा नाही म्हणत नाहीत. पण फोनवर बोलून थांबू नका. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : टोकनचे ५,००० वॉर्डरोबमध्ये धरले, भाव १,४५० स्क्वेअर फूट फेब्रुवारीपर्यंत कायम, खोका १८ एमएम बॉइलिंग वॉटर ग्रेड प्लायचा, बाहेरून १ एमएम लॅमिनेट, आतून लायनर (पातळ लॅमिनेट), बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज, मागची पाटी बाहेरच्या भिंतीला न टेकवता, जीएसटी बिलासह. त्याचं ‘ओके’ आलं की तो मेसेज दोघांच्याही फोनमध्ये जपून ठेवा.