अर्धवट कथांचं काय करायचं?

प्रश्न : माझ्या वहीत बऱ्याच कथा अर्धवट पडून आहेत. सुरुवात झोकात होते, आठ-दहा पानांनंतर सगळं फिकं वाटायला लागतं आणि मी नवी कथा धरते. एका कथेचं पान सोबत पाठवते आहे. मला खरंच लिहिता येतं का, ते सांगाल?

उत्तर : एका पानावरून निकाल देणार नाही. पण त्या पानात एक ओळ अशी आहे की तिच्यासाठी मला पुढची कथा वाचायची आहे. म्हणून ती पूर्ण करा, एवढंच मागणं.

फिकं वाटतं ते कथा वाईट असते म्हणून नव्हे. सुरुवातीला तुमच्याकडे एक माणूस असतो, एक प्रसंग असतो, त्यांच्या जोरावर पानं भरतात. मग त्या माणसाला नेमकं काय हवंय आणि त्यासाठी तो काय करील, हे ठरवायची वेळ येते. बहुतेकांची वही तिथेच मिटते. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत ही जागा बोट ठेवून दाखवता येते: पात्रं एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागतात, जुन्या आठवणी काढायला लागतात. लेखकाला पुढचा प्रसंग टाळायचा असतो.

तुमचंच पान घ्या. वडील गेल्यावर मुलगी एका कार्यालयात अर्ज भरायला आली आहे. तुम्ही लिहिलंय, 'तिला वडिलांची खूप आठवण आली. मन भरून आलं.' त्याच्या खालीच सहज लिहून गेलात, की वडिलांच्या नावापुढे 'हयात / मयत' असं छापलेलं होतं आणि तेवढी खूण न करता तिने बाकीचा सगळा अर्ज भरला. ही ती ओळ! वरची दोन वाक्यं काढून टाका, त्यांचं काम या कोऱ्या जागेने कितीतरी चांगलं केलंय.

आणि कथा अडली आहे तीही इथेच. खिडकीतला कारकून आता अर्ज परत सरकवणार, 'हे राहिलंय' म्हणणार. तो प्रसंग तुम्ही लिहिलाच नाहीत. तिचं बालपण सुरू केलंत. बालपण तूर्त बाजूला ठेवा. खिडकीपाशी परत जा. ती खूण करते, की अर्ज उचलून निघून जाते? मागे रांगेत उभी असलेली माणसं काय करतात? लिहायला बसल्यावरच कळेल, आधी विचार करून नाही.

शेवट येईपर्यंत मागची पानं वाचू नका. तपशील आठवत नसेल तिथे कंसात 'इथे भावाचा फोन' एवढं लिहून पुढे चला. रोज अशा जागी थांबा, जिथे पुढे काय घडणार हे तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकन कथाकार-कादंबरीकार हेमिंग्वे यांनी आपली ही सवय मुलाखतीत सांगितली आहे आणि ती फार उपयोगी आहे. कथा संपली की थोडे दिवस वही मिटून ठेवा, मग कापाकापी. पहिलं दीड पान बहुधा जातंच. वाईट वाटेल, तरी जाऊ द्या.

प्रश्न : माझी कथा नणंदेवर बेतलेली आहे. नाव बदललंय, तरी ती ओळखेल अशी धास्ती वाटते.

उत्तर : नुसतं नाव बदललंत तर ओळखेलच. तिचं वय बदला, नोकरी बदला, तिला दुसऱ्या घरात राहायला पाठवा, आणखी एखाद्या ओळखीच्या बाईचं बोलणं तिच्या तोंडी घाला. मग ती तुमची नणंद उरत नाही आणि तुमचाही हात मोकळा होतो. भांडण घडलं तसंच्या तसं लिहायचा हट्ट सोडा. 'हे खरंच घडलं होतं' हे सांगायला तुम्ही वाचकाशेजारी बसलेल्या नसता. त्या भांडणात निदान एकदा तिचं बरोबर ठरू द्या. तिची बाजू तिलाही पटेल अशी लिहिता येत नसेल, तर राग अजून ताजा आहे. थोडं थांबा.

प्रश्न : वय ५६. दोन कथा पाठवल्या, दोन्ही साभार परत. उशीर झाला का?

उत्तर : मुळीच नाही. इंग्रज लेखिका पिनेलपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली आली तेव्हा त्या ६० वर्षांच्या होत्या. १९७९ साली त्यांना बुकर पारितोषिक मिळालं.

कथा परत येते तेव्हा ती वाईटच असते असं नाही. लांबी बसत नाही, तशाच विषयाची कथा आधीच घेतलेली असते. पाठवण्यापूर्वी त्या मासिकाचे दोन-तीन अंक वाचा, शब्दमर्यादा पाळा. सोबतच्या पत्रात कथेचं नाव, शब्दसंख्या आणि ती अप्रकाशित असल्याचा उल्लेख पुरे. कथेचा अर्थ तिथे समजावू नका. ते वाचून कथेवरचाच विश्वास उडतो. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, आणि उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा तिसरी सुरू करा.

परत आलेल्या दोन्ही कथा मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा, तेवढी वाक्यं नव्याने लिहा, आणि दोहोंतली जी तुम्हाला जास्त आवडते ती माझ्याकडे पाठवा.