नावाची पट्टी नसलेल्या एन्लार्जरला कोणता निगेटिव्ह कॅरिअर बसेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दारव्ह्याच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून तुम्ही जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापण्याचे यंत्र, घेतला. त्याचे लॅम्पहाउस (दिव्याचे घर), कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटणारे भिंग), बेलोज (घड्यांचा भाता) आणि खांब शाबूत आहेत, पण निगेटिव्ह कॅरिअर, म्हणजे निगेटिव्ह सपाट धरून ठेवणारा भाग, गहाळ आहे आणि कंपनीच्या नावाची पट्टीही उरलेली नाही. त्यावर तुम्हाला 35 मिलिमीटरच्या आणि आजोबांनी अगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या 120 फिल्मच्या (रुंद रोलच्या) चौकोनी निगेटिव्ह छापायच्या आहेत, आणि त्यासाठी ऑनलाइन विक्रीला असलेला ड्यूर्स्ट कंपनीचा जुना कॅरिअर मागवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मापे घेतल्याशिवाय तो मागवू नका. कॅरिअरच्या बाबतीत कंपनीचे नाव कळले तरी तेवढ्याने भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे कॅरिअरही बहुधा एकमेकांत बसत नाहीत. ओमेगाच्या बी-22 चा कॅरिअर त्याच कंपनीच्या डी मालिकेत चालत नाही, आणि बेसेलरच्या 23सी चा त्यांच्याच 45 मालिकेत चालत नाही. ड्यूर्स्ट आणि मेओप्टा यांनीही वेगवेगळ्या मॉडेलांसाठी वेगवेगळे कॅरिअर काढले. तेव्हा केवळ ‘ड्यूर्स्टचा’ एवढ्या वर्णनावर पैसे गुंतवणे योग्य नाही.

सर्वांत आधी कंडेन्सरचा व्यास मोजा, कारण तुमच्या यंत्राची मर्यादा तोच ठरवतो. कंडेन्सर निगेटिव्हच्या कर्णापेक्षा मोठा असावा लागतो. 35 मिलिमीटर फिल्मवरील 24 × 36 मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण सुमारे 43 मिलिमीटर भरतो, तर 120 फिल्मवरील 56 × 56 मिलिमीटरच्या चौकटीचा सुमारे 79 मिलिमीटर. तुमचा कंडेन्सर जेमतेम 50 मिलिमीटरचा निघाला, तर कॅरिअर कितीही चांगला मिळाला तरी आजोबांच्या निगेटिव्हचे कोपरे अंधारेच राहतील, आणि मग त्यांच्यासाठी वेगळे यंत्र शोधावे लागेल.

त्यानंतर कॅरिअरची जागा पाहा. तरफ दाबून लॅम्पहाउस वर उचला आणि खालच्या बैठकीची लांबी, रुंदी व खोली व्हर्निअर कॅलिपरने मोजा. तालुक्याच्या गावी कोणत्याही लेथवाल्याकडे तो असतो. बैठक गोल खळग्याची आहे, खाचेची आहे, की कॅरिअर जागेवर धरण्यासाठी तिच्यावर खुंट्या आहेत, हे नीट टिपून ठेवा. खुंट्या असतील तर त्यांचा व्यास आणि त्यांच्यातील अंतरही घ्या. बहुतेक जण नेमकी जाडीच विसरतात. कॅरिअर फार जाड असला तर लॅम्पहाउस पूर्ण खाली बसत नाही आणि फटीतून प्रकाश बाहेर पडतो. फार पातळ असला तर निगेटिव्ह घट्ट धरली जात नाही. वेगवेगळ्या जाडीचे पुठ्ठे घालून पाहिले की योग्य जाडी लगेच सापडते. दुसऱ्या यंत्राचा कॅरिअर बसवण्यासाठी एन्लार्जरची बैठक मात्र कानशीने घासू नका. जे घासायचे ते कॅरिअरलाच घासावे, कारण तो बदलता येतो, बैठक बदलता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्यासारख्या यंत्राला कॅरिअर गावातच करून घ्यावा. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे एसीपीचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पत्र्याचे, तुकडे पडलेले असतात. हा पत्रा सपाट असतो, सहज कापला जातो आणि 3 मिलिमीटर जाडीत मिळतो. त्याचे दोन समान तुकडे एका कडेला कापडी चिकटपट्टीने बिजागरीसारखे जोडा आणि दोन्ही एकत्र धरूनच मधली खिडकी कापा, म्हणजे ती तंतोतंत जुळते. दोन तुकड्यांची जाडी बैठकीला जास्त होत असेल, तर तोच आकार ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात करून घ्या. 35 मिलिमीटरसाठी खिडकी 23 × 35 ठेवावी. चौकटीभोवतीची काळी किनार छापायची असेल तर 25 × 37. खिडकीच्या कडा बारीक कानशीने आणि मग पाण्याच्या पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत करा की बोट फिरवल्यावर काहीच टोचू नये. तिथे राहिलेली एक बारीक कणी पूर्ण रोलवर लांबच लांब ओरखडा ओढते. कडांना मॅट काळा रंग द्या, पण जिथे फिल्म टेकते तिथे रंग नको. फिल्म सरळ राहावी म्हणून दोन्ही बाजूंना चिकटपट्टीच्या मार्गरेषा लावता येतात, मात्र त्यांची जाडी फिल्मपेक्षा, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटरपेक्षा, कमी हवी. नाहीतर वरचा पत्रा मार्गरेषांवरच टेकेल आणि फिल्म सैल राहील. थ्रीडी प्रिंटचा सल्लाही तुम्हाला मिळेल, पण पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांच्या पुढे असते आणि वर 150 वॉटचा दिवा. त्यामुळे ते नकोच.

120 फिल्मचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रुंद फिल्म दिव्याच्या उष्णतेने मध्यभागी फुगते आणि फोकस जुळवल्यानंतर, प्रकाश देत असतानाच, चित्राचा मधला भाग धूसर होतो. जुन्या, वळलेल्या निगेटिव्हसाठी काच लागतेच. फिल्मची चकचकीत बाजू वर आणि एमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू लेन्सकडे, खाली, असते. साधी काच चकचकीत बाजूला चिकटली की न्यूटनची वलये (इंद्रधनुषी गोल पट्टे) उमटतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती वाढतात. म्हणून वरची काच अँटी-न्यूटन प्रकारची, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाची, घ्यावी; ती न मिळाल्यास फोटोफ्रेमवाल्याकडची अतिशय बारीक दाण्याची नॉन-ग्लेअर काच चालते, पण तिचा दाणा छापात उतरतो का, हे एका छोट्या कागदावर आधी पाहा. खाली काच न घालता नुसती चौकट ठेवली, तर धुळीचे दोन पृष्ठभाग कमी होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असेल तर याचे महत्त्व फार आहे, कारण त्याचे तंतू हवेत तरंगत राहतात आणि काचेवरचा प्रत्येक तंतू छापात पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. असा कापूस घरात असेपर्यंत 120 ची छपाई मी तरी हाती घेणार नाही.

कॅरिअर तयार झाला की निगेटिव्ह न घालता, लेन्स लावून दिवा सुरू करा आणि बेसबोर्डवरचा (खालच्या फळीवरचा) प्रकाश पाहा. एकाच बाजूचे कोपरे काळे पडत असतील तर खिडकी मध्यावर नाही. चारही कोपरे सारखेच काळे असतील तर दोष कॅरिअरचा नसून कंडेन्सर आणि लेन्स यांच्या जोडीचा आहे. मग रोलच्या सुरुवातीचा, प्रकाश लागून पूर्ण काळा झालेला तुकडा घ्या, त्याच्या एमल्शनवर सुईने मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या ओढा आणि तो कॅरिअरमध्ये घालून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करा. मधली फुली रेखीव असताना कोपऱ्यांतील चारही फुल्या सारख्याच स्पष्ट दिसल्या, तर कॅरिअर बेसबोर्डला समांतर आहे. एकच बाजू धूसर असेल तर त्या बाजूला कागदाची पट्टी घालून पाहा.

लेन्सबद्दल इतकेच, की 35 मिलिमीटरसाठी 50 मिलिमीटरची आणि चौकोनी निगेटिव्हसाठी 75 किंवा 80 मिलिमीटरची लेन्स लागते. बहुतेक लेन्सना 39 मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, तेव्हा लेन्सबोर्डाचे छिद्रही मोजून ठेवा. कंडेन्सरचा व्यास, बैठकीची मापे आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला बैठकीचा फोटो इथे टाका. मग विक्रीला असलेला तो कॅरिअर बसण्याजोगा आहे की पाटीवाल्याकडे जावे, हे निश्चित सांगता येईल.