आठ महिने नव्हे, पाच. आणि कर्ज काढून तर नाहीच

प्रश्न : माझं वय २६. पाच वर्षं नोकरी करते आहे, माझ्यावर कुणी अवलंबून नाही. नोकरी सोडून आठ महिने एकटीने बॅकपॅकिंग करायचं मनात आहे. आधी थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि मग उन्हाळ्यात युरोप. माझ्या सध्याच्या महिन्याच्या खर्चाच्या मापात सांगते. बचत खात्यात ६ महिन्यांचा, मुदत ठेवीत ५ महिन्यांचा आणि इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात) ९ महिन्यांचा खर्च जमा आहे. शैक्षणिक कर्ज ५ महिन्यांच्या खर्चाएवढं बाकी आहे. त्याचा हप्ता माझ्या खर्चाच्या एक पंचमांश. पगारातला एक तृतीयांश दरमहा शिल्लक राहतो. प्रवासाला १० महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम लागेल असा अंदाज आहे, त्यातले २ विमानभाडं आणि सामानाचे. शिवाय हॉस्टेलमध्ये काम करून फुकट राहता आलं तर अजून वाचेल. गुंतवणूक मोडण्यापेक्षा वैयक्तिक कर्ज काढ, असं एक मित्र म्हणतो. आई-बाबांचं म्हणणं, आधी घराच्या डाऊनपेमेंटचं बघ. काय करू? फंडातली दरमहाची गुंतवणूक प्रवासात चालू ठेवू का?

उत्तर : सगळे आकडे महिन्यांत दिलेत हे फार बरं केलंत. चलन कुठलंही असो, पुंजी किती महिने पुरेल हाच शेवटी प्रश्न असतो. मीही तेच माप वापरतो.

जा. पण आत्ता नाही, सहा महिन्यांनी; आठ महिने नाही, पाच; आणि कर्ज न काढता.

कर्जाचं आधी निकालात काढू. मित्राचा हिशेब असा असणार : फंड वाढत राहील, त्यातून व्याज सुटेल. कर्जाचं व्याज ठरलेलं असतं, फंडाचा परतावा मात्र कुणीही लिहून दिलेला नसतो. बाजार पडला आणि त्याच वर्षी तुम्ही बिनपगारी असलात, तर हप्ते भरायला तोच फंड पडत्या भावात विकावा लागेल. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. बँक हे कर्ज तुमच्या पगाराकडे बघून देते आणि तुम्ही तो पगार सोडायच्या बेतात असताना अर्ज भरणार. अर्जात ते लपवलंत तर खोटी माहिती दिल्यासारखं होतं, सांगितलंत तर कर्ज मिळणं कठीण. क्रेडिट कार्डावर प्रवास काढायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तोही काढून टाका. कार्डावर रोख काढली की बहुतेक ठिकाणी व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

आता तुमचा १० चा अंदाज. जाणाऱ्याचा अंदाज बहुधा जाण्याचाच असतो, येण्याचा नसतो. प्रवास संपला की खर्च संपला असं आपण धरून चालतो आणि खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. म्हणून मी हिशेब शेवटाकडून मांडतो.

परत आल्यावर नोकरी मिळायला चार महिने धरा. कदाचित एका महिन्यात मिळेल, पण त्या भरवशावर पुंजी लावू नका. चार महिन्यांचे ४. घर सोडून जाणार असाल तर नव्या घराची अनामत रक्कम आणि पुन्हा संसार मांडायचा खर्च, २. नोकरी लागली तरी पहिला पगार महिनाअखेरीस, तोवरचा १. झाले ७. हे सात प्रवासात कुठल्याही कारणाने हात न लावायचे. दुसऱ्या खात्यात ठेवा आणि त्याचं कार्ड घरीच ठेवून जा.

आता प्रवास. तुमच्या १० मध्ये शैक्षणिक कर्जाचा हप्ता मला दिसला नाही. तुम्ही लाओसमध्ये असाल म्हणून तो थांबत नाही. आठ महिन्यांचे १.६. विमा, व्हिसा, लसी आणि चलन बदलण्याची वजावट मिळून १. अडीअडचणीसाठी आणखी १.४. म्हणजे १४. त्यात परतीचे ७ मिळवले की २१, आणि तुमच्याकडे सगळं मिळून २० आहे. आठ महिन्यांचा बेत इथेच कोसळतो.

पाच महिने करा. विमानभाडं आणि सामानाचे २ तेवढेच राहतात. तुमच्याच अंदाजाने दरमहा १ म्हणजे ५, हप्ते १, विमा-व्हिसा वगैरे १, अडीअडचणीला १. एकूण १०, परतीच्या ७ सह १७. सहा महिने थांबलात तर आणखी ३ जमतील, कारण पगाराचा तिसरा हिस्सा म्हणजे तुमच्या खर्चाचा निम्मा महिना. हाती २३, गेले १७, उरले ६. मुदत ठेवीचे ५, नवे ३ आणि फंडातले २ प्रवासाला. बचत खात्याचे ६ आणि फंडातला आणखी १ परतीला. फंडात ६ शिल्लक राहतात. फंडातले हे ३ निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढू नका. तारीख ठरली की लगेच मुदत ठेवीत हलवा. जो पैसा वर्षाच्या आत लागणार आहे त्याला बाजारात काम नाही.

शैक्षणिक कर्ज जाण्याआधी फेडून टाकू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नको. पाचच्या पाच एकदम दिलेत तर हातची रोकड जाते आणि त्यानंतर लागलेलं नवं कर्ज बहुतेकदा महाग मिळतं. हप्ते खात्यातून आपोआप वळते होतील अशी सोय करा आणि त्या खात्यात प्रवासभराची रक्कम आधीच ठेवा. आई-बाबा जामीनदार असतील तर चुकलेल्या हप्त्याची विचारणा त्यांना होईल. आधीच त्यांना हा बेत फारसा रुचलेला नाही.

पुढचा मुद्दा मार्गाचा, आणि तो जितका नकाशाचा तितकाच पैशाचा आहे. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागत असेल तर तुमचा क्रम उलटा आहे. हा व्हिसा साधारणपणे जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच मागावा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो. चार महिने आशियात फिरून हनोईत बसून तो मिळवू म्हणाल तर बहुधा त्यासाठी घरी येऊन परत जायचं भाडं भरावं लागेल. म्हणून युरोप आधी करा. सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि दरही उतरतात. मग नोव्हेंबरपासून आग्नेय आशिया, म्हणजे थायलंड, लाओस आणि कंबोडियातला कोरडा हंगाम. आणखी एक फायदा : महाग भाग आधी उरकला की उरलेल्या पैशात किती दिवस निघतील हे नेमकं कळतं, आणि स्वस्त देशांत मुक्काम लांबवणं-आखडणं आपल्या हातात असतं. उलट क्रमात युरोपच्या ऐन मध्यावर पैसे संपतात.

शेंगेनचे २९ देश मिळून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, दर देशाला वेगळे ९० नव्हेत. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्जासोबत मायदेशी परतण्याचं कारण दाखवावं लागतं. इथे राजीनाम्याचं पत्र उपयोगाचं नाही, मंजूर रजेचं असतं.

त्यामुळे राजीनामा देण्याआधी पाच महिन्यांची बिनपगारी रजा मागा. पाच वर्षं काम केलेल्या माणसाच्या जागी दुसरा शोधून तयार करणं मालकालाही स्वस्त पडत नाही, तुमचा शब्द तुम्हाला वाटतो त्याहून वजनदार आहे. नकार आला तर काही बिघडलं नाही, राजीनामा नंतरही देता येतो. होकार आला तर परतीच्या ७ पैकी नोकरी शोधायचे ४ जवळपास मोकळे होतात. आठऐवजी पाच महिने म्हणण्याला हेही एक कारण आहे. आठ महिन्यांची रजा क्वचितच कुणी देतो, पाचचा विचार तरी होतो. नोकरी सोडावीच लागली, तर कंपनीचा आरोग्यविमा बहुधा त्या दिवसापासून बंद होईल हे लक्षात ठेवा. स्वतःचा वेगळा विमा निघण्याआधी घ्या, कारण नव्या विम्यात काही आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि तो तुम्ही फिरत असतानाच सरायला लागतो.

प्रवासविमा म्हणजे व्हिसासाठी जोडायचा कागद असं समजणारे बरेच आहेत. बॅकपॅकरचं खातं एका रात्रीत रिकामं करणारी गोष्ट हॉस्टेलचं भाडं नसते, मोडलेला पाय असतो. व्हिएतनामच्या उत्तरेला 'हा जियांग' नावाच्या डोंगराळ भागातल्या घाटांत मोटारसायकल भाड्याने घ्यायची तुमच्या वयाच्या कुणालाही हौस असते. तिथे ५० सीसीच्या वरच्या गाडीला परवाना लागतो आणि आंतरराष्ट्रीय परवाना १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा हवा, १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा चालत नाही. परवाना ग्राह्य नसेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि मग हॉस्पिटलचं बिल थेट त्या परतीच्या सातातून जातं. तुमचा परवाना कोणत्या कराराखालचा आहे ते बघा. नसेल बरोबर तर चालकासह गाडी घ्या, मागे बसा. तसंच डोंगर चढायचे असतील तर विमा किती उंचीपर्यंत लागू आहे, सलग किती दिवसांच्या प्रवासाला लागू आहे आणि मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, ही तीन कलमं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

रोजच्या खर्चात एकट्या माणसाला एक छुपा भुर्दंड असतो. टॅक्सी वाटून घ्यायला, खोलीचं भाडं निम्मं करायला कुणी नसतं. कागदावर रोज डॉर्ममधली, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतली खाट लिहिणं सोपं आहे. तीन आठवडे बारा अनोळखी लोकांच्या घोरण्यात झोपलं की कुणीही दार लावता येईल अशी खोली घेतो. दर पाच रात्रींत एक रात्र स्वतंत्र खोलीची धरा. एकटीने फिरताना रात्री उशिरा पोहोचणारी स्वस्त बस टाळण्यासाठी जास्तीचं भाडं द्यावं लागेल, तेही खर्चात लिहा. तिथे काटकसर करू नका, मी तरी तसं सांगणार नाही.

काटकसर वेगात करा. दर दोन दिवसांनी शहर बदललं की पैसा तिकिटांत जातो. युरोपात बारा राजधान्या पालथ्या घालण्यापेक्षा एक लांबची वाट धरा. उदाहरणार्थ कामिनो दे सांतियागो ही यात्रेकरूंची पायवाट : फ्रान्समधल्या सें-जां-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर, चालत साधारण पाच आठवडे. यात्रेकरूचं पासबुक असलं की वाटेवरच्या आल्बेर्गेंमध्ये (यात्रेकरूंच्या वसतिगृहांत) स्वस्तात मुक्काम होतो आणि वाहतूकखर्च जवळपास शून्य. पश्चिम युरोपात इतके दिवस इतक्या कमी पैशात राहण्याचा दुसरा सरळ मार्ग मला माहीत नाही.

हॉस्टेलमधल्या कामाच्या बदल्यात फुकट राहण्याची बचत तुम्ही १० मध्ये धरली नाहीत, ते उत्तम. तशीच बाहेर ठेवा. पर्यटक व्हिसावर असं काम बऱ्याच देशांत कामच मानलं जातं, पगार मिळो न मिळो. पकडलं गेलात तर वाचलेल्या भाड्याच्या कितीतरी पट गमवाल.

परदेशात पैसे काढताना एटीएम विचारेल, तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का? नाही म्हणा, तो दर जवळपास नेहमीच वाईट असतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाथहून जास्त शुल्क कापलं जातं, तेव्हा थोडे थोडे काढू नका. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि घरचं सिमकार्ड चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि स्वतःच्याच पैशाला हात लावता येणार नाही.

आता आई-बाबांच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे. हे पाच महिने तुम्हाला १० ला पडत नाहीत. त्या काळात जमले असते ते २.५ ही गेले, म्हणजे १२.५. महागाई वजा जाऊन वर्षाला ४ टक्के वाढ धरली, तर साठीला पोहोचेपर्यंत या रकमेचे ४७ झाले असते. जवळपास चार वर्षांचा खर्च! याला 'स्वतःवरची गुंतवणूक' वगैरे म्हणू नका. मला तो शब्दप्रयोग अजिबात आवडत नाही. हा खर्च आहे. परवडणारा, जाणूनबुजून केलेला, आणि २६ व्या वर्षी, मागे कुणी अवलंबून नसताना, तुमची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पुढच्या ३४ वर्षांची कमाई शाबूत असताना केलेला. घराचं डाऊनपेमेंट यामुळे साधारण दोन वर्षं पुढे जाईल, कारण १२.५ पुन्हा जमवायला तुम्हाला २५ महिने लागतील. आई-बाबांना हाच आकडा सांगा. "बघू नंतर" म्हणण्यापेक्षा २५ महिने हे उत्तर त्यांना जास्त पटेल. घर दोन वर्षं उशिरा होणं तुम्हालाच सोसणार नसेल, तर जाऊ नका किंवा दोन महिन्यांचंच बघा.

प्रवासाच्या १० पैकी शेवटचा १ उरला की त्या दिवशी परतीचं तिकीट काढायचं, मग लाओसमधलं लुआंग प्राबांग बघायचं राहिलं असलं तरी. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग मिळालं तरी चालेल. काही देश प्रवेशाच्या वेळी पुढचं तिकीट मागतातच.

फंडातली दरमहाची गुंतवणूक प्रवासात थांबवा. उत्पन्न नसताना एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालण्याला अर्थ नाही. पहिला पगार आला की पुन्हा सुरू करा, आधीच्याच रकमेने.