पत्री सरकारवाले : क्रांतिकारक, फरारी की दहशतवादी?

विट्याच्या (जि. सांगली) एका शिक्षिका ताईंनी विचारलंय की नववीच्या मुलांकडून पत्री सरकारवर निबंध लिहून घेताना एका मुलानं उठून विचारलं, "बाई, यांनी रेल्वे लुटली, खजिना लुटला, माणसांच्या पायांवर मारलं, मग हे दहशतवादी का नाहीत?" वर्गातली काही पोरं भडकली, कारण त्यांच्या घरातली माणसं त्या चळवळीत होती. तर मराठीत या लोकांसाठी नेमका शब्द कुठला, आणि मुळात 'पत्री' म्हणजे काय, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, त्या पोराला गप्प बसवू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि आपल्या भागात तर तो विचारलाच पाहिजे.

आधी 'पत्री' बघू. मूळ नाव प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारच्या समोर उभं केलेलं दुसरं सरकार, १९४३ ते ४६. तेव्हा आपला भाग सातारा जिल्ह्यातच होता, सांगली हे नाव जिल्ह्याला मिळालं १९६० मध्ये, म्हणून पुस्तकात 'साताऱ्याचं प्रतिसरकार' वाचलं की सांगलीच्या पोरांना वाटतं ही तिकडची गोष्ट, पण या चळवळीचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील यांचं येडेमच्छिंद्र, त्यांचे साथीदार जी. डी. बापू लाडांचं कुंडल, नागनाथअण्णा नायकवडींचं वाळवा, सगळं आजच्या सांगली जिल्ह्यात आहे. तर लोकांच्या तोंडी 'प्रति'चं 'पत्री' झालं, आणि ते नुसतं उच्चाराच्या सोयीसाठी झालं नाही. बैलाला पत्री मारताना ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, बैल आडवा पाडतात, पाय दोरखंडानं आवळून बांधतात आणि खुराला लोखंडी पत्री खिळ्यांनी ठोकतात. प्रतिसरकारच्या शिक्षेत माणसाला असंच आडवं पाडून, पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके द्यायचे. खिळे ठोकत नव्हते, फटकेच असायचे, असं चळवळीतली माणसं सांगत आली आहेत, पण बघणाऱ्याला बैलच आठवला आणि 'पत्री मारली' हा शब्दप्रयोग रूढ झाला. म्हणजे हे नाव मिरवताना आपण त्या शिक्षेचंच नाव घेत असतो, आणि हे मुलांना सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण क्रांतिकारक आणि दहशतवादी हे शब्द एकाच काट्यावरची दोन टोकं असल्यासारखे वापरतो, हा म्हटला की तो नाही. पण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. क्रांतिकारक हा शब्द माणसाला काय बदलायचं होतं ते सांगतो, दहशतवादी हा त्यानं त्यासाठी काय वापरलं ते सांगतो. फरारी, दरोडेखोर हे शब्द कायद्याच्या नजरेतून येतात, आणि हुतात्मा माणसाचा शेवट कसा झाला ते सांगतो. एकाच माणसाला यातले दोन-तीन शब्द एकदम लागू होऊ शकतात, त्यामुळे 'यातला खरा कुठला' असं विचारलं की अडायला होतं.

कायद्याचा शब्द तर सत्ता बदलली की कसा फिरतो बघा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे कुंडलच्या मंडळींनी अडवली आणि रक्कम काढून घेतली. पीनल कोडप्रमाणे पाच किंवा जास्त माणसांनी मिळून लूट केली की तो दरोडा, त्यामुळे त्या कायद्यानं हा दरोडाच. पण तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे, कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) म्हातारपणीही 'लुटली' हा शब्द मानत नव्हते, त्यांचं म्हणणं, तो पैसा इंग्रजांनी आपल्या लोकांकडून चोरलेला, आम्ही तो परत आणला.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पेन्शनच्या नियमात आहे. १९७२ मध्ये केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, त्यात जेलमध्ये न गेलेल्या पण भूमिगत राहिलेल्या माणसाला ती मिळवायची तर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भूमिगत असल्याचं दाखवावं लागायचं, आणि त्याला पुरावा काय तर इंग्रज सरकारनं त्याला फरारी जाहीर केलेलं असणं, किंवा त्याच्यावर बक्षीस लावलेलं असणं, किंवा अटकेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसणं. ज्या कागदावर 'फरारी' लिहिलं होतं त्याच कागदाच्या जोरावर माणूस 'स्वातंत्र्यसैनिक' ठरला. वर्गात कुणाच्या आजोबा-पणजोबांची अशी फाईल घरी असली तर मुलांना तो कागद जरूर दाखवा, माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्यातनं जास्त कळेल.

वसंतदादा पाटलांचंही तसंच. २४ जुलै १९४३ ला ते साथीदारांबरोबर सांगलीचा जेल फोडून बाहेर पडले, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली, आणि १९७७ मध्ये तेच दादा राज्याचे मुख्यमंत्री झाले. जगातही हेच आहे, नेल्सन मंडेलांचं नाव अमेरिकेनं दहशतवाद्यांच्या यादीतून २००८ मध्ये काढलं, तोवर ते राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते. म्हणजे सरकारी यादी बघून शब्द ठरवायला गेलं तर काहीच ठरत नाही.

मग 'दहशत' शब्दाकडे येऊ. हा फारसीतनं आलेला आणि मराठीत चांगला मुरलेला शब्द. आपल्याकडे हेडमास्तरांची दहशत असते, एखाद्या फौजदाराची असते, त्यात दरवेळी वाईटच असतं असं नाही. आपल्याकडची जुनी माणसं 'पत्री सरकारची लय दहशत होती' हे कौतुकानं सांगायची, म्हणजे सावकार, पोलिसांचे खबरे, गावगुंड, बायकांची छेड काढणारे, सगळे टरकून होते. पण दहशत असणं वेगळं आणि दहशत'वाद' वेगळा, त्या 'वाद'मध्ये भीती घालणं हीच पद्धत आणि तोच कार्यक्रम होतो. आजच्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यातल्या व्याख्येतही लोकांमध्ये किंवा लोकांच्या एखाद्या गटात दहशत बसवण्याचा हेतू ही एक कसोटी आहे. या कसोटीवर मी पत्री सरकारला दहशतवादी म्हणणार नाही, कारण त्यांचा मार ज्याच्यावर पडायचा त्याचं नाव-गाव आणि त्याच्यावरचा आरोप ठरलेला असायचा, बाजारात सापडेल त्याला मारा असं ते नव्हतं. शिवाय मार हे त्यांचं एकच काम नव्हतं, गावागावात न्यायनिवाडे होते, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लावली जात, वाचनालयं निघाली. ज्या माणसाचं लग्न प्रतिसरकारनं लावलं किंवा बांधाचं भांडण मिटवलं त्याला ते सरकारच वाटणार.

पण इथं थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ज्यांना पत्री मारली त्यांचीही नातवंडं याच गावांत राहतात. आरोप ऐकून लगेच शिक्षा, पुढं अपिलाला जागा नाही, अशा ठिकाणी चूक होणारच, कुणाची जुनी भाऊबंदकी त्यात घुसणारच, हे मला मान्य करावंच लागतं. तेव्हाही हा वाद होता, गांधीजींनी १९४४ मध्ये सुटून आल्यावर भूमिगतांना उघड व्हा असं सांगितलं होतं आणि नाना पाटील ४६ पर्यंत भूमिगतच राहिले. दोघांबद्दल आदर ठेवून हा मतभेद शिकवता येतो की.

'दहशतवादी' या शब्दाचाही काळ बघावा लागतो. १९३० च्या आसपास इंग्रजीतला तो शब्द सरकार शिवी म्हणून वापरत होतं, बंगालमध्ये १९३२ ला त्या शब्दाच्या नावानं कायदाच केला, पण खुद्द क्रांतिकारकही आपल्या पत्रकांतून त्यावर गंभीरपणे वाद घालत होते. भगतसिंगांनी १९३१ मध्ये तरुण कार्यकर्त्यांना लिहिलं की मी दहशतवादी नाही, सुरुवातीचा काळ कदाचित सोडला तर कधी नव्हतोही, म्हणजे ते तो शब्द तोलून बघत होते. पुढं इतिहासकार बिपन चंद्र यांनी 'क्रांतिकारी दहशतवादी' असं निंदेचा भाव न ठेवता लिहिलं आणि २०१६ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. दोन्ही बाजू मला समजतात, कारण मधल्या काळात पंजाब, मग १९९३ ची मुंबई, मग २६/११ झालं, आणि आज हा शब्द ऐकला की रेल्वे स्टेशनवर अंदाधुंद गोळीबार करणारा माणूसच डोळ्यासमोर येतो. तोच शब्द १९४३ च्या कुंडलला लावला तर वाचणारा चुकीचं चित्र बघणार.

तर ताई, निबंधात 'क्रांतिकारक' लिहू द्या ('क्रांतिकारी' नको, मराठीत ते विशेषण, क्रांतिकारी विचार वगैरे), चळवळीचं नाव पहिल्यांदा येईल तिथं 'प्रतिसरकार' आणि पुढं बिनधास्त 'पत्री सरकार'. त्या काळातल्या माणसांसाठी 'भूमिगत' हा फार चांगला शब्द आहे, तो हातातनं सोडू नका. 'रेल्वे लुटली' हे क्रियापद ठेवायला माझी हरकत नाही, फक्त पैसा कुणाचा आणि कशासाठी हे त्याच वाक्यात येऊ दे. आणि शिक्षेबद्दल लिहिताना 'धडा शिकवला' असलं गुळगुळीत लिहून देऊ नका, पाय बांधून तळव्यांवर काठीनं मारायचे असं सरळ लिहायला सांगा, प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला तर नक्कीच.