पदाचं नाव नको, दिवस विचार

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. लोको पायलट (रेल्वे इंजिनचालक), टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवणं), बीएस्सी अ‍ॅग्री, नाहीतर जळगावच्या एमआयडीसीत काहीतरी. यातल्या पहिल्या दोन नोंदी म्हणजे प्रत्यक्ष कामं आहेत. बीएस्सी अ‍ॅग्री ही पदवी झाली आणि एमआयडीसी हे ठिकाण. ही गल्लत आधी काढ, कारण पदवी निवडली म्हणजे काम निवडलं असं समजून पुष्कळ मुलं चार वर्षं घालवतात.

केंद्रीय श्रम मंत्रालयाचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ बघ. त्यात प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी क्रमांक आहे आणि तो माणूस काय काय करतो याचं थोडक्यात वर्णन आहे. इंग्रजी जरा रुक्ष आहे, तरी वाच. फक्त क्रियापदांखाली रेघ मार: मोजतो, जोडतो, नोंदवतो, विकतो. रोज आठ तास ही क्रियापदंच तुझ्या वाट्याला येणार आहेत.

नंतर जिथे झटकन बाद होऊ शकतोस ती अट तपास. भुसावळ पट्ट्यात लोको पायलट व्हायचं वेड जुनं आहे. दहावी, मग फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय, मग असिस्टंट लोको पायलटची परीक्षा, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण या पदाला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दूरची नजर ६/६ आणि रंग ओळखण्यात कसूर नको. लेसिक करून चष्मा घालवलेला उमेदवारही चालत नाही. ही तपासणी लेखी परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी झाल्यावर, अगदी शेवटी होते. म्हणून आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची चाचणी करून घे आणि अहवाल जपून ठेव. भरतीच्या जाहिरातीचं शेवटचं परिशिष्ट कोणी वाचत नाही, आणि बाद करणाऱ्या अटी नेमक्या तिथेच असतात.

टिश्यू कल्चरबद्दल तू ‘संशोधन’ असं लिहिलं आहेस. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा दिवस वेगळा असतो. लॅमिनार एअरफ्लोसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटासमोर बसायचं, चिमटा आणि ब्लेड निर्जंतुक करायचं, बाटलीतून केळीचा कोंब काढायचा, कापायचा, नव्या माध्यमात, म्हणजे रोप वाढवणाऱ्या पोषक मिश्रणात लावायचा, झाकण लावायचं, बाटलीवर तारीख टाकायची. मग पुढची बाटली. अशी पाळी संपेपर्यंत. माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेलं असतं, तरी हात चुकला की काही दिवसांत बाटलीत पांढरी बुरशी धरते आणि ती बाटली फेकावी लागते. कोणाच्या किती बाटल्या खराब झाल्या, हे लगेच कळतं. ज्याला एका जागी बसून बारीक, स्वच्छ काम करायला आवडतं त्याला हे काम फार छान जमतं. ज्याला नवीन शोध लावायचे आहेत, त्याने आधी एमएस्सी-पीएचडीची तयारी ठेवावी. आणखी एक गोष्ट जरूर विचार: बारा महिने काम असतं का? आपल्याकडे केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास. रोपांची मागणी या दोन हंगामांत एकवटते, त्यामुळे रोपवाटिकेतले कंत्राटी हात कमी-जास्त होतात.

जाहिराती पंधरा-वीस तरी जमव, एकाच कामाच्या. वहीत रकाने पाड: पात्रता, अनुभव, कोणतं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, पगार, कायम की कंत्राटी. पंधरापैकी बारांत एखादी गोष्ट मागितली असेल तर ती शिकणं अटळ आहे. एकाच जाहिरातीत असेल तर सोडून दे. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ लिहून खाली ‘स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक’ असं असेल, तर ते बहुधा विक्रीचं काम आहे. अ‍ॅग्रीच्या मुलांना हे मुद्दाम सांगतो. खतं-बियाण्यांच्या कंपन्यांतला फील्ड ऑफिसर म्हणजे अर्धा दिवस दुकानदारांकडे चकरा, महिन्याचं टार्गेट आणि उधारीची वसुली. बोलघेवड्या, न संकोचणाऱ्या मुलाला हे जमून जातं. लाजाळू मुलगा त्यात झुरतो.

माणसांना भेट. प्रत्येक कामाचे निदान तीन जण हवेत: दोन-तीन वर्षं झालेला, दहा वर्षं झालेला आणि ते काम सोडून गेलेला. तिसरा शोधायला त्रास पडतो, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. ‘भाऊ, फील्ड कसं आहे?’ असं विचारलंस तर ‘चांगलं आहे’ एवढंच हाती लागेल. ‘काल कामावर आल्यापासून सुटेपर्यंत काय काय केलं?’ असं विचार आणि मध्ये बोलू नकोस. वीस मिनिटं मागितलीस तर वीस मिनिटांत ऊठ. लग्नाच्या पंगतीत भेटणाऱ्या निवृत्त मामांचा सल्ला आदराने ऐक, पण ते कायम म्हणून लागले होते आणि आज तीच जागा ठेकेदारामार्फत भरतात का, ते तपासून घे.

पगार विचारताना हातात किती पडतात ते विचार. समज, कंपनी महिना २०,००० सीटीसी, म्हणजे तुझ्यावरचा तिचा एकूण खर्च, सांगते आणि मूळ वेतन १२,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४०, आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) सुमारे ५७७ त्यातच धरलेले असतात. शिवाय तुझ्या वाट्याचे १,४४० कापले जातात. उरले साडेसोळा हजारांच्या आसपास. त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि व्यवसाय कर वेगळा. पुण्यात राहिलास तर खोलीभाडं आणि मेस यातूनच. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही. पण महिन्याचा खर्च त्यावर चालत नाही.

कॉलेजवाले सगळ्यात मोठं पॅकेज सांगतील. तू विचार: गेल्या वर्षी किती जण मुलाखतीला बसले, किती लागले, आणि पगारांची रांग लावली तर मधल्या मुलाला किती मिळाले? उत्तर टाळलं तर तशी नोंद कर.

आता यादीतली दोनच कामं घे. दोन्हींचे रकाने भरून, तिघांशी झालेलं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. डोळ्यांचा अहवालही सोबत जोड. आयटीआय प्रवेशाची मुदत संपायच्या आत तो मला बघायचा आहे.

तुझा,
काका